टाईम लूपवाली रहस्यकथा म्हणजे वाचकाची फसवणूक का? (इव्हलिन हार्डकॅसल वाचलेल्यांनी या, पण खुनी सांगू नका)

मृगजळ
मंडळी, एक शंका आहे आणि थोडी चिडचिडही आहे. स्टुअर्ट टर्टनची 'द सेव्हन डेथ्स ऑफ इव्हलिन हार्डकॅसल' वाचायला घेतलीये, साधारण एक तृतीयांश झाली असेल आणि गाडी अडलीये.

नाही वाचली त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्लॅकहीथ हाऊस नावाचा इंग्लंडमधला जमीनदारी बंगला, पार मोडकळीला आलेला, आजूबाजूला जंगल आणि पाऊस. हार्डकॅसल कुटुंबाने मुखवटे घालून नाचायची पार्टी ठेवलीये, आणि रात्री अकराला त्यांची मुलगी इव्हलिन मरते. मग परत तोच दिवस. आपला हिरो एडन बिशप, ह्याला आठ दिवस मिळतात, दर दिवशी तो वेगळ्याच माणसाच्या शरीरात जागा होतो, खुनी कोण ते सांगितलं तर सुटका, नाही जमलं तर सगळी आठवण पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आता माझा मुद्दा. रहस्यकथेत मजा असते कारण डिटेक्टिव्हला गेलेली वेळ परत मिळत नाही. पुरावा जळतो, साक्षीदार मरतो, गाडी सुटते. इथे साहेबांना तोच दिवस आठ वेळा! मग हुशारी कसली, आठव्या खेपेला तर आमच्या सोसायटीचा वॉचमनपण खुनी पकडेल. वर कोण कुठे कधी होता हे डोक्यात राहत नाही ते वेगळंच. पुढे वाचू का ठेवून देऊ?

ठाणेकर_८६
वाच. मी पण तिथेच अडकलो होतो. दिवस चौथा पार कर, मग सुसाट.

खवचट_काकू
वॉचमनला कमी लेखू नका, आमच्याकडचा वॉचमन कुणाकडे कधी कोण आलं हे तारीखवार सांगतो. ब्लॅकहीथला तो असता तर कादंबरी चाळीस पानांत संपली असती.

वाचाळ_वाचक
मृगजळ, तुमची तक्रार एका गृहीतकावर उभी आहे आणि ते गृहीतकच ह्या कादंबरीत लागू नाही. हा ग्राउंडहॉग डे सारखा लूप नाहीच मुळी. त्या १९९३ च्या सिनेमात बिल मरेचा दिवस संपतो, घड्याळ मागे जातं, आणि काल त्याने जे केलं ते पुसलं जातं. इथे एडनचे आठही दिवस हा एकच दिवस आहे. म्हणजे तो डॉक्टर सेबॅस्टियन बेलच्या शरीरात जंगलात धडपडत असतो तेव्हाच घरात लॉर्ड रेव्हनकोर्टच्या शरीरातही तोच असतो, फक्त तीन दिवस 'मोठा' झालेला. त्यामुळे तो स्वतःच्याच जुन्या मूर्खपणाला खिडकीतून बघतो. पहिल्या दिवशी तुम्ही जे वाचलंत, कुणीतरी चिठ्ठी ठेवली, कुणीतरी वेळेवर इशारा दिला, त्यातलं बरंचसं पुढचा एडनच करत असतो. मागचं पुसलं जात नाही, एकावर एक थर चढत जातात. आठ संधी नाहीत त्या, एकाच संधीचे आठ तुकडे आहेत. खरा लूप त्याच्या बाहेर आहे, आठ दिवस संपल्यावर आठवण जाते तो.

हे एकदा डोक्यात बसलं की 'आठव्यांदा कुणीही पकडेल' हा मुद्दा गळून पडतो.

चहाबाज
+१ वाचाळ. मला हे कळायला निम्मं पुस्तक लागलं, इथे आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं.

मृगजळ
वाचाळ, हे पटण्यासारखं आहे. पण मग दिवस दुसरा मध्येमध्ये का येतो? म्हणजे चौथ्या दिवसाच्या मध्येच 'दिवस दुसरा (पुढे चालू)' असं प्रकरण. तिथेच मी पुस्तक बंद केलं.

ठाणेकर_८६
कारण दुसरा दिवस बटलरचा. त्याला सकाळी सकाळीच बेदम मार बसतो आणि तो दिवसभर पडून असतो, शुद्धीवर येतो परत झोपतो. एडनचा नियम असा की सध्याचं शरीर झोपलं किंवा बेशुद्ध पडलं की तो दुसऱ्या शरीरात जातो, आणि बटलरचा दिवस अजून संपलेला नसतो म्हणून मध्येच तिकडे परत. एक प्रकारे लेखकाने केलेली सोय आहे, बटलर म्हणजे वेटिंग रूम. तिथे अ‍ॅना नावाची मुलगी भेटते, गप्पा होतात, वाचकाची उजळणीही होते.

सुपारी
एक्सेल करा हो सरळ. उभ्या रकान्यात वेळ, आडव्या रांगेत आठ शरीरं: बेल, बटलर, डेव्हिस, रेव्हनकोर्ट, डर्बी, डान्स, रॅश्टन, गोल्ड. जे घडेल ते त्या चौकटीत टाका. दोन रंग वापरा, एक 'मी पाहिलं' एक 'दुसऱ्याने सांगितलं'. दुसऱ्या रंगातल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका, एवढाच सल्ला देते, बाकी गप्प.

खवचट_काकू
ऑफिसमध्ये एक्सेल, घरी आल्यावर किराण्याचं एक्सेल आणि आता रात्री उशाशी पुस्तकाचं पण एक्सेल. ह्याला करमणूक म्हणायचं?

सुपारी
काकू मी अकाउंट्सवाली आहे, मला हीच करमणूक 😀

अण्णा_नाशिककर
मृगजळ ह्यांचा मूळ प्रश्न वेगळा आहे, फसवणूक का असा. त्यावर थोडं. रोनाल्ड नॉक्स म्हणून एक कॅथलिक पाद्री होते, स्वतः रहस्यकथा लिहायचे, त्यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहून ठेवले. खुनी गोष्टीच्या सुरुवातीलाच वाचकासमोर आला पाहिजे, एकापेक्षा जास्त गुप्त वाटा नकोत, डिटेक्टिव्हला सापडलेला धागादोरा वाचकाला तिथल्या तिथे दाखवायचा, जुळी भावंडं किंवा हुबेहूब दिसणारे लोक पूर्वसूचना दिल्याशिवाय आणायचे नाहीत वगैरे. आणि त्यातला दुसराच नियम: भुतंखेतं, दैवी, अमानवी काहीही चालणार नाही.

आता ह्या हिशोबाने टर्टनची कादंबरी पहिल्या पानावर बाद व्हायला हवी. प्लेग डॉक्टरच्या वेषातला कोणीतरी येऊन सांगतो की तू इतरांच्या शरीरात फिरणार, ह्याहून अमानवी काय असतं? पण नॉक्सना त्या नियमातून नको काय होतं ते बघा. रहस्याचं *उत्तर* अमानवी नको. इथे लूप कसा चालतो हे कोडं म्हणून आपल्याला सोडवायला दिलेलंच नाही, ते नियम म्हणून आधीच सांगितलंय, बुद्धिबळात घोडा अडीच घरं चालतो तसं. खून मात्र हाडामांसाच्या माणसांनी, पिस्तूल आणि पैसा आणि जुनं वैर ह्यातूनच केलेला आहे. म्हणून मी तरी ह्याला फसवणूक म्हणणार नाही. बाकी नऊ नियम पाळलेत का ते मोजा, बऱ्यापैकी पाळलेत.

टोपणनाव_सुचेना
जुळ्यांचा नियम जबरी आहे अण्णा. आपल्या हिंदी सिनेमाने तो एकच नियम धरून पन्नास वर्षं मोडला.

रेडिंगवाला
इकडे इंग्लंडात बरीच वर्षं आहे, नॅशनल ट्रस्टची (जुन्या वास्तू जपणारी इकडची संस्था) जुनी घरं बघायचा नाद आहे त्यामुळे दोन पैसे माझेही.

कादंबरीत साल ठळकपणे कुठे येत नाही पण वाचताना दोन महायुद्धांच्या मधला काळ डोळ्यासमोर येतो. त्या काळात अशा घरांची खरंच वाट लागली होती. वारसाकर आधीपासून होताच, १९१९ ला वीस लाख पौंडांवरच्या इस्टेटीला तो थेट ४० टक्के झाला. शेतीचं उत्पन्न घसरलं, बऱ्याच घरांतले वारस पहिल्या महायुद्धात गेले, नोकर कारखान्यात जास्त पगारावर लागले. नावं मोठी, छत गळकं. ब्लॅकहीथमध्ये भिंतींना ओल, गालिचे विरलेले आणि तरी पार्टीचा थाट, ते नुसतं भीतीदायक वातावरण म्हणून घातलेलं नाहीये. वयाने बराच मोठा बँकर रेव्हनकोर्ट आणि तरुण इव्हलिन ह्यांचं लग्न ठरवतात ते कशासाठी, हे त्या गळक्या छताकडे बघितलं की कळतं.

दुसरं म्हणजे नोकरांचे जिने. ह्या घरांत मालकांचा जिना वेगळा, नोकरांचा वेगळा, भिंतीमागून जाणारा अरुंद. कोळसा, गरम पाणी, रिकामी ताटं, सगळं पाहुण्यांच्या नजरेआड न्यायचं. तळघराच्या बोळात घंटांची रांग, कुठल्या खोलीतून बोलावणं आलं ते त्यावरून कळायचं. मी असे जिने चढून बघितलेत, दोन वळणांनंतर आपण कुठल्या मजल्यावर आहोत तेच कळत नाही. आता कादंबरीतला फूटमन (म्हणजे घरातला गणवेशातला नोकर) आठवा जो सुरी घेऊन एडनच्या मागावर आहे. मारेकऱ्याला तिथे लपायची गरजच नाही. फूटमनचा गणवेश घातला की त्याच्या तोंडाकडे कोणी बघणारच नाही.

चहाबाज
रेडिंगवाला मस्त माहिती. वाचनखूण साठवली.

टोपणनाव_सुचेना
अवांतर: हा प्लेग डॉक्टरचा चोचवाला मुखवटा खरा होता का? मला आधी कावळाच वाटला.

अण्णा_नाशिककर
खरा. सतराव्या शतकातला, फ्रेंच वैद्य शार्ल द लॉर्मच्या नावावर सांगतात. रोग दूषित हवेतून पसरतो अशी समजूत होती म्हणून चोचीत सुगंधी वनस्पती भरायच्या. कादंबरीत मात्र तो वैद्य नाही, पार्टीच मुखवट्यांची असल्यामुळे त्याच्याकडे कोणी वळूनही बघत नाही.

टोपणनाव_सुचेना
प्लेग म्हटलं की माझं डोकं आपोआप १८९७ च्या पुण्यात जातं. आणि तिथे खरंच ह्या फॉर्म्युल्याची गोष्ट पडलेली आहे बघा. २२ जून, राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव, गणेशखिंडीत गव्हर्नमेंट हाऊसला जेवणावळ, दिवे, आतषबाजी, रात्री बग्ग्या परतीला लागतात आणि अंधारातून 'गोंद्या आला रे'. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. पोलिसांना काही महिने खरंच पत्ता नव्हता, वीस हजारांचं इनाम लावलेलं. एखादा गोरा पोलीस अधिकारी ह्या एका दिवसात अडकवला तर? एकदा बग्गीवाल्याच्या शरीरात, एकदा खानसाम्याच्या, एकदा रस्त्यावरच्या बघ्याच्या.

खवचट_काकू
आणि वाचणारे आपण सगळे चापेकरांच्या बाजूने. म्हणजे डिटेक्टिव्हला उत्तर सापडू नये म्हणून देव पाण्यात घालून बसायचं. दर लूपला तो गोंधळला की आपण टाळ्या. कोणीतरी लिहाच हे.

वाचाळ_वाचक
काकू तुम्ही गंमतीत बोललात पण हा खरा भारी प्लॉट आहे. रहस्यकथेत वाचक नेहमी शोधणाऱ्याच्या खांद्यावर बसलेला असतो, तो उतरवून शोधल्या जाणाऱ्याच्या घरात बसवायचा. शिवाय आपल्याला शेवट माहित आहे, १८९८ च्या एप्रिलमध्ये दामोदर फाशी गेले. लूप फिरेल तितकं काळजात धस्स होणार.

जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथेतल्या गंगाधरपंतांनी पानिपतचा निकाल फिरलेला बघितला होता, पण ते एकदाच, आणि तिथे मुद्दा इतिहास कुठल्या फाट्यावर वळला हा होता. लूपमध्ये इतिहास वळत नाही, गिरवला जातो.

ठाणेकर_८६
धाग्याची गाडी गणेशखिंडीत गेली, परत ब्लॅकहीथला आणा कोणीतरी.

सुपारी
आणते. मला कादंबरीतली एक गोष्ट खटकली त्यावर कोणी बोललंच नाही. रेव्हनकोर्ट. त्याच्या शरीरात एडन जातो तेव्हा पानंच्या पानं तो किती जाड आहे, कसा धापा टाकतो, कपडे कसे कोणीतरी घालून द्यावे लागतात, किती किळसवाणं वाटतं हेच. एकदा सांगितलं समजलं ना? जोनाथन डर्बी बायकांवर हात टाकणारा नालायक आहे, त्याच्याबद्दल घृणा वाटणं समजू शकते. पण जाड असणं हा गुन्हा असल्यासारखं लिहिलंय. मी स्वतः वजनदार आहे, ती प्रकरणं दात ओठ खाऊन वाचली.

चहाबाज
सुपारी, मला ते वेगळं वाटलं होतं. एडनला पळता येत नाही म्हणून तो पहिल्यांदा बसून विचार करतो, रेव्हनकोर्ट हा आठांतला सगळ्यात तल्लख मेंदू आहे. शरीर अडवतं म्हणून डोकं चालतं.

सुपारी
ते बरोबर आहे आणि तेच मला आवडलं असतं. पण त्यासाठी किळस कशाला लागते? म्हातारा वकील डान्स पण हळूच चालतो, त्याच्या सांध्यांच्या दुखण्याबद्दल असं तोंड वाकडं करून लिहिलेलं नाही.

रेडिंगवाला
सुपारीशी सहमत. त्यावर इकडच्या वाचकांनीही बरंच लिहिलंय.

वाचाळ_वाचक
इथे मी दोघांच्या मध्ये. किळस जास्त झाली हे मान्य. पण आठ शरीरांची कल्पना लूपपेक्षाही जास्त कामाची आहे असं माझं म्हणणं. नुसतं शरीर नाही, त्या माणसाचा स्वभावपण एडनवर चढत जातो. बेल भित्रा, तर एडनही भितो. डर्बीचा संताप त्याला आवरत नाही. रॅश्टन पोलिसातला, त्या दिवशी अचानक पुरावे नीट जुळायला लागतात. म्हणजे तपास करणाराच बदलतोय, आणि प्रत्येकाला वेगळंच दिसतं. पुढेपुढे तर त्याला प्रश्न पडतो की ह्यात मूळचा मी किती उरलोय. मृगजळ, तुम्ही म्हणालात आठव्यांदा कुणीही पकडेल. पण आठव्यांदा पोचेपर्यंत तो 'कुणीही' वेगळाच झालेला असतो.

टोपणनाव_सुचेना
डेव्हिसचा दिवस विसरलात सगळे. बिचारा गाडी काढून गावाकडे निघतो, जातोय जातोय, गाव येतच नाही. पूर्ण दिवस वाया. मला तो सगळ्यात जवळचा वाटला, घोडबंदर रोडला रोज हेच होतं.

ठाणेकर_८६
हसून हसून पुरेवाट. घोडबंदरला लूपच आहे, फक्त शरीर बदलून मिळत नाही.

अण्णा_नाशिककर
एक गोष्ट राहिली. ह्यात दोन खून आहेत हे मृगजळना अजून कदाचित कळलं नसेल पण हे स्पॉयलर नव्हे, सुरुवातीलाच येतं. एकोणीस वर्षांपूर्वी त्याच घरात, तळ्याकाठी, इव्हलिनचा धाकटा भाऊ थॉमस मारला गेला. त्यासाठी चार्ली कार्व्हर नावाच्या नोकराला फाशी झाली. इव्हलिनने भावाकडे लक्ष द्यायचं होतं ते दिलं नाही म्हणून आईबाप तिला दोषी धरतात. आणि आजच्या पार्टीला मुद्दाम त्याच दिवशी तेच पाहुणे बोलावलेत.

म्हणजे लूप एडन यायच्या आधीपासून तिथे आहे! आईबापांनी स्वतःच्या हाताने तो दिवस परत मांडलाय. लेखकाने जादूचा लूप ह्या माणसांच्या लूपवर ठेवलाय, म्हणून तो उपरा वाटत नाही. जो थॉमसचं कोडं सोडवेल त्यालाच इव्हलिनचं सुटेल, ह्याहून जास्त बोलत नाही.

मृगजळ
बापरे अण्णा. हे वाचून आज रात्री परत उघडतो. सुपारी, एक्सेल पाठवा, पण रिकामं, भरलेलं नको.

चहाबाज
तोवर वेळ काढायला: सेव्हन आणि साडेसात हा काय प्रकार आहे? माझ्या प्रतीवर साडेसात डेथ्स आहे.

रेडिंगवाला
तुमची अमेरिकन आवृत्ती. २०१८ ला इकडे 'सेव्हन डेथ्स' म्हणून आली, पण तिकडे आदल्याच वर्षी 'द सेव्हन हजबंड्स ऑफ इव्हलिन ह्यूगो' आलेली होती, सेव्हन पण तेच आणि इव्हलिन पण तीच, म्हणून अर्धा वाढवला. त्या वर्षीचा इकडच्या कोस्टा साहित्य पुरस्कारांतला पहिल्या कादंबरीचा मान हिलाच मिळाला. नेटफ्लिक्सने सात भागांची सिरीज करणार म्हणून २०२० ला जाहीर केलं आणि २०२३ ला गुंडाळलं.

खवचट_काकू
नवरे सात, मरणं सात. इव्हलिन नाव ठेवताना लोकांनी विचार करावा.

ठाणेकर_८६
सिरीज नाही झाली ते बरंच. पुस्तकात सगळं 'मी' म्हणून चाललेलं असतं, पडद्यावर आठ नट दाखवायचे आणि सगळे एकच माणूस आहेत हे कसं पटवणार?

सुपारी
खरा लूप असलेली रहस्यकथा हवी असेल तर जपानी यासुहिको निशिझावाची 'द मॅन हू डाइड सेव्हन टाइम्स' बघा. मूळ १९९५ ची, इंग्रजीत २०२५ ला आली. शाळकरी पोराचा एक दिवस नऊ वेळा फिरतो आणि त्यात आजोबा मरतात, वारस कोण ह्यावरून घरात मारामाऱ्या. हलकीफुलकी आहे. ऐतिहासिक नाही, पण मृगजळ ह्यांची मूळ तक्रार तिथे तपासून बघता येईल, कारण तिथे दिवस खरंच पुसला जातो.

मृगजळ
संपवली!! दोन रात्री झोप नाही.

आता मूळ प्रश्नावर. खुनाबद्दल लेखक प्रामाणिक आहे, शंभर टक्के. मागे जाऊन पहिली चार प्रकरणं परत वाचली, सगळं तिथे होतं, कंपास, चिठ्ठ्या, कोण कुणाशी कसं बोललं. सुपारीच्या एक्सेलमध्ये 'दुसऱ्याने सांगितलं'वाल्या रंगाने माझी वाट लावली, तेवढंच सांगतो.

पण फसवणुकीचा आरोप मी पूर्ण मागे घेत नाही. शेवटी जे कळतं ना, हे घर मुळात आहे काय, ही माणसं इथे का अडकलीत, अ‍ॅना कोण, ते वाचकाला ओळखता येईल असं आधी काही पेरलेलंच नाही. अण्णा म्हणाले लूप हा खेळाचा नियम आहे, उत्तर नाही. पण शेवटच्या भागात लेखक तोच नियम उत्तर म्हणून पुढे करतो. खुनाचं कोडं आपण सोडवू शकतो आणि त्याच्या बाहेरचं आपल्याला नुसतं ऐकून घ्यावं लागतं.

वाचाळ_वाचक
ते खून कोणी केला ह्याचं उत्तर नाही पण. माफ करता येतं का ह्याचं आहे. ती वेगळी कादंबरी आहे जी पहिलीच्या पोटात लपली होती. मला तर तीच जास्त आवडली.

मृगजळ
मग ती वेगळी छापायची.

अण्णा_नाशिककर
मृगजळ ह्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. नॉक्स असते तर तिथेच पेन्सिलीने फुली मारली असती. मला तरी एडन शेवटी जो निर्णय घेतो तो आवडला, पण तो गणितातून येत नाही हे खरं.

चहाबाज
टर्टनचं पुढचं कोणी वाचलंय का? समुद्रावरचं काहीतरी आहे ना?

रेडिंगवाला
'द डेव्हिल अँड द डार्क वॉटर', २०२० ची. साल १६३४, डच ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज बटाव्हियाहून (आजचं जकार्ता) अ‍ॅम्स्टरडॅमला निघालंय, जगातला सगळ्यात हुशार डिटेक्टिव्ह त्याच जहाजावर बेड्या घालून कोंडलेला आणि जहाजावर म्हणे सैतान आहे. लूप नाही.

सुपारी
एक्सेल लागतं का?

रेडिंगवाला
नाही, प्रवासी कोण कोण आहेत त्याची यादी पुस्तकातच दिलीये.

खवचट_काकू
मग मी घेते. आणि मृगजळ, त्यासाठी नवीन धागा काढा, इथे लोक अजून दिवस दुसऱ्यावर आहेत.